चाळीस रुपये महिना

सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर १९३० च्या एप्रिलात राष्ट्रीय झेंडा चढला. मे महिन्यात शहरात गोळीबार झाला, लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघा सोलापूरकरांना येरवड्यात फाशी दिली गेली. ही हकीगत आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही पाठ असते. असायलाच हवी.

पण त्याच नगरपालिकेच्या जमाखर्चात पाच वर्षं आधी एक आकडा पडला होता. तो कुणाला पाठ नाही. त्याचा पुतळा नाही, चौक नाही, जयंती नाही. आकडा होता दरमहा चाळीस रुपये. खर्चाचं कारण : बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात उघडलेलं अस्पृश्य विद्यार्थ्यांचं वसतिगृह.

मित्रांनो, हा लेख त्या चाळीस रुपयांचा आहे. कुणी म्हणेल, चळवळीच्या गोष्टी सोडून हा किराणा दुकानदारासारखा हिशेब काय मांडून बसलाय? मांडून बसलोय खरा. आपल्यावर अन्याय विहिरीवर झाला, देवळाच्या पायरीवर झाला, तसा तो जमाखर्चाच्या वहीतही झाला. विहिरीवरचा डोळ्यांना दिसतो. वहीतला दिसत नाही, कारण वही त्यांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला.

१. कर कुणी भरला?

पहिला प्रश्न हाच. शाळा, रस्ता, दवाखाना, तळं, हे सगळं ज्या पैशातून उभं राहिलं तो पैसा कुणाचा?

आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं की तुम्ही काय भरता? सगळं फुकट खाता. हे ऐकून आपली पोरं खाली मान घालतात. मान खाली घालायचं काहीच कारण नाही. इतिहास काढून बघा.

गावात महारवाड्यानं कर दिला तो आधी अंगमेहनतीत दिला. येसकरानं वेस राखायची, तराळानं सरकारी कागद या गावचा त्या गावाला पोचवायचा, साहेब आला की त्याचं सामान डोक्यावर घ्यायचं, मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा दहा कोस चालत न्यायचा. राबायला रात्र नव्हती का दिवस नव्हता. त्याबद्दल काय मिळायचं? बलुतं आणि वतनाच्या जमिनीचा तुकडा. आणि त्या तुकड्यावर सरकार पुन्हा ‘जुडी’ नावाची पट्टी घ्यायचं. म्हणजे मजुरीच्या बदल्यात जमीन, आणि जमीन दिली म्हणून परत पट्टी. असला हिशेब कुठल्या सावकारालाही सुचला नसता.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं ते याच्यासाठी. पुढं जुडी वाढवायचा घाट घातला गेला तेव्हा १६ डिसेंबर १९३९ ला नगर जिल्ह्यात हरेगावला परिषद भरली. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. तोवर बाबासाहेब गेले होते.

आता रोखीतला कर. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या वर्षांत शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंडाचा बसवला गेला. त्यातला दोन तृतीयांश रस्त्यांना आणि एक तृतीयांश शाळांना, अशी वाटणी होती. आणा भरायचा कुणब्यानं, माळ्यानं, धनगरानं, वतनदार नसलेल्या गरिबानं. शाळेत बसायची मात्र दुसऱ्याचीच पोरं.

शहरात काय? इलाख्यातल्या बहुतेक नगरपालिकांचं मोठं उत्पन्न जकातीचं. नाक्यावर गाडी थांबायची, धान्य, सरपण, तेल, तूप यांच्यावर पट्टी बसायची. व्यापारी काही ती पदरची भरत नसतो. तो ती भावात चढवतो. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली, तेव्हापासून खेड्यातला दुष्काळी माणूस शहरात येऊन राबू लागला. त्यानं अच्छेर ज्वारी घेतली की तिच्यात जकातीचा वाटा आलाच. पावती मिळत नव्हती एवढंच. म्हणून नगरपालिकेच्या तिजोरीत अस्पृश्याचा पैसा नव्हता हे म्हणणं सरळसरळ खोटं आहे.

आणि मत? मताचा हक्क ठरायचा घरपट्टीवर, मालमत्तेवर, भाड्याच्या रकमेवर. ज्याच्या नावावर घर त्याचं मत. भाकरीतून जकात भरणाऱ्याला मत नाही. पैसा सगळ्यांचा, सभागृह मोजक्यांचं. सगळ्या प्रौढांना मत मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

२. बत्तीसांत एक

या प्रश्नाला महाराष्ट्रात सगळ्यात आधी सभागृहात तोंड फोडलं ते जोतीराव फुल्यांनी. आपण जोतीराव म्हटलं की १८४८ ची मुलींची शाळा सांगतो, ‘गुलामगिरी’ सांगतो. जोतीराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे मात्र भाषणात येत नाही. कारण नगरपालिका म्हणजे गटार आणि दिवाबत्ती, त्यात कसली क्रांती, असं आपल्याला वाटतं.

१८८० साली व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून त्याच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करायचा ठराव नगरपालिकेत आला. सभासद सगळे सरकारनं नेमलेले. नेमणूक करणाऱ्याचा धनी येतोय म्हटल्यावर हात वर करायला कुणाला लाज? जोतीराव म्हणाले, हा पैसा करदात्यांचा आहे, तो पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर लावा. मतं पडली. बत्तीस सभासदांत विरोधात मत एकट्या जोतीरावांचं.

ठराव पास झाला. जोतीराव हरले. पण त्यांनी एक गोष्ट करून ठेवली. मानमरातबाचा खर्च आणि शाळेचा खर्च त्यांनी एकाच तराजूत घातला, आणि एकीकडचा पैसा दुसरीकडनं येतो हे सभागृहाला उघड ऐकवलं. तोवर हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर सुखानं नांदत होते.

पुढं पुण्यात मोठी मंडई बांधायचं निघालं. खर्च लाखांचा. जोतीराव तिथंही आडवे गेले. म्हणाले, भाजी उघड्यावरही विकली जाते, आधी शाळांचं बघा. मंडई झालीच. १८८६ च्या सुमारास ती उभी राहिली आणि तिला गव्हर्नर रे याचं नाव दिलं गेलं. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्या मंडईचं नाव बदललं. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई. ज्या खर्चाला माणसानं विरोध केला त्याच खर्चाच्या इमारतीला त्याचं नाव. अत्र्यांचा हेतू चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाव देणं सोपं असतं. आकडा बदलणं अवघड असतं. आपल्या नावाची पाटी दिसली की टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकानं पुण्याची मंडई आठवावी.

मग १८८२. १९ ऑक्टोबरला जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढं निवेदन दिलं. त्याचा गाभा जमाखर्चाचाच आहे. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. लोकल फंडातला मोठा वाटा प्राथमिक शाळांना द्या, शहरातल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांचं मागणं होतं. महार-मांगांच्या मुलांना जातीच्या विटाळापायी शाळेत बसूच दिलं जात नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत त्या मोठ्या शहरातच, आणि पुण्यात पाच हजारांवर वस्तीला एकच शाळा, तिच्यात तीस पोरंसुद्धा नाहीत, हेही त्यांनी आयोगाला सांगितलं. भावना नाही, रडगाणं नाही. वस्ती किती, शाळा किती, पोरं किती. कार्यकर्त्यानं भाषण कसं करावं हे शिकायचं असेल तर ते निवेदन काढून वाचावं.

३. ‘पैसा नाही’ नावाचं हत्यार

सनातन्यांची भाषा काळाप्रमाणं बदलते. आधी म्हणायचे, धर्मात बसत नाही. धर्माचं चालेनासं झालं तेव्हा म्हणू लागले, तत्त्वतः मान्य आहे, पण पैसा नाही.

विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची मुभा मिळाली. पुणे नगरपालिकेत वाद पेटला. मुलगे आणि मुली दोघांना सक्ती करायची की फक्त मुलग्यांना? टिळकपक्षाचं म्हणणं, तिजोरीत पैसा कमी, तेव्हा आधी मुलग्यांचं करू, मुलींचं मागाहून बघू. १९२० साली विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकारानं पुण्यात बायांची मिरवणूक निघाली, मुलींनाही सक्तीचं शिक्षण द्या म्हणून. बाया रस्त्यावर आल्या तेव्हा नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाची चर्चा पहिल्यांदा चुलीपर्यंत गेली.

आता याच्या शेजारी कोल्हापूर ठेवा. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. कोल्हापूर हे काही पुण्यामुंबईपेक्षा श्रीमंत नव्हतं. संस्थानाची तिजोरी ती केवढी! पण तिथं प्रश्न आधी ठरला आणि पैसा नंतर शोधला. पुण्यात पैसा आधी मोजला आणि पोरींना वजा केलं.

तेव्हा कुणी ‘निधी उपलब्ध नाही’ म्हटलं की दोनच प्रश्न विचारायचे. एकूण किती आहे? आणि तो कशाला आहे?

४. सोलापूरचं वसतिगृह

आता चाळीस रुपयांकडे येऊ.

२० जुलै १९२४ ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिची कचेरी. सभेनं जे पहिलं ठोस काम हातात घेतलं ते मोर्चा नव्हे, परिषद नव्हे, वसतिगृह. ४ जानेवारी १९२५ ला ते सोलापुरात सुरू झालं. हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी. राहणं, जेवण, कपडे, वह्यापुस्तकं सभेनं बघायची. व्यवस्था बघायला सोलापूरचेच कार्यकर्ते जिवाप्पा ऐदाळे. हेच ऐदाळे पुढं १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं मुंबई विधानसभेत निवडून गेले.

सोलापूरच का? बाबासाहेबांना कळत होतं की खेड्यातलं पोर चौथीपर्यंत कसंबसं येतं आणि गळतं. हायस्कूल तालुक्याला किंवा जिल्ह्याला. तिथं राहायचं कुठं? खोली कोण देणार? खाणावळीत कोण बसू देणार? फी माफ झाली तरी पोटाचं काय? म्हणून शाळेच्या दारापर्यंत पोचलेल्या पोराला आत टिकवायचं तर आधी छप्पर आणि ताट पाहिजे. ही गोष्ट घोषणेनं होत नाही. त्याला ज्वारी लागते, रॉकेल लागतं, घरभाडं लागतं. दर महिन्याला लागतं.

त्या दर महिन्याच्या खर्चात सोलापूर नगरपालिकेनं चाळीस रुपयांचं अनुदान दिलं. वर्षाचे झाले चारशे ऐंशी. आता जोतीरावांचा तराजू आणा. पुण्यात व्हाइसरॉयच्या एका स्वागताला १८८० साली मंजूर झाले एक हजार. सोलापूरच्या वसतिगृहाला एक हजार मिळायला पंचवीस महिने लागणार. एका गोऱ्या पाहुण्याचा हारतुरा म्हणजे अस्पृश्य पोरांची दोन वर्षं आणि वर एक महिना.

म्हणून चाळीस रुपये क्षुल्लक होते का? तसं मी म्हणणार नाही. वर्गणीवर चालणाऱ्या सभेला दर महिन्याला ठरलेली रक्कम येणं म्हणजे पोरांच्या ताटातली एक भाकर पक्की होणं. आणि त्याहून मोठं म्हणजे, नगरपालिकेच्या वहीत अस्पृश्यांच्या हायस्कुली शिक्षणाला खर्चाचं एक खातं मिळालं. भीक वहीत लिहीत नाहीत. वहीत लिहिलं की ते पुढल्या वर्षी मागता येतं, वाढवून मागता येतं, बंद केलं तर का बंद केलं म्हणून विचारता येतं. सभेच्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिकही चालवलं. आपल्या या शाईनं हात काळे करणाऱ्या पोरांनी ते नाव ध्यानात ठेवावं. आपली परंपरा सत्तरच्या दशकात सुरू झाली असं समजणारे बरेच आहेत.

१९३८ च्या जानेवारीत याच सोलापूर नगरपालिकेनं बाबासाहेबांना मानपत्र दिलं. उत्तरात बाबासाहेब संसदीय लोकशाहीवर बोलले. मानपत्राची बातमी होते. चाळीस रुपयांची झाली नाही. पण मला विचाराल तर आधीचा ठराव मोठा.

५. आठ दिवसांचं अंतर

वसतिगृह उघडलं त्याच १९२५ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचं एक पुस्तक प्रसिद्ध झालं. विषय ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेची वाढ. म्हणजे केंद्राकडचा पैसा प्रांताकडे कसा येतो, कोण किती घेतो, कोण किती देतो. आपण त्यांना घटनाकार म्हणतो, तेवढ्यावर थांबतो. हा माणूस सरकारी जमाखर्चाचा त्या काळातला मोठा पंडित होता. त्यामुळं १९२७ साली ते मुंबई कायदेमंडळात बसले तेव्हा अंदाजपत्रक त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

२४ फेब्रुवारी १९२७ ला ते अंदाजपत्रकावर बोलले. शेतसाऱ्यावर टीका केली. एक एकरवाला आणि मोठा जहागीरदार यांना एकाच पद्धतीनं सारा, पीक बुडालं तरी सारा, आणि शहरातल्या उत्पन्नकराला मात्र ठरावीक रकमेपर्यंत माफी, हा कुठला न्याय?

मग १२ मार्च १९२७. विषय शिक्षणाचं अनुदान. त्या दिवशीचे आकडे तोंडपाठ करण्यासारखे आहेत. इलाख्यात शिक्षणावर दरमाणशी खर्च होतो चौदा आणे, आणि दारूच्या उत्पन्नातून सरकार दरमाणशी वसूल करतं दोन रुपयांहून जास्त. बाबासाहेबांचं मागणं साधं होतं : जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला. शंभर पोरं पहिलीत येतात, चौथीला पोचतात अठरा. या गतीनं सगळे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षं आणि मुली यायला तीनशे वर्षं लागतील.

मग त्यांनी कोण किती शिकतो ते मांडलं. दर हजार वस्तीमागं प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची मुलं ११९, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गांची ३८, आणि मागासलेल्यांची १८. कॉलेजात, दर दोन लाखांमागं, पुढारलेले हिंदू १०००, मुसलमान ५२, मधले २४, मागासलेले जवळजवळ शून्य. वस्तीत दुसरा क्रमांक असलेला वर्ग शिक्षणात शेवटी. कर भरताना मात्र त्याला कुणी शेवटी उभं केलं नव्हतं.

१२ मार्चला हे भाषण झालं. २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मध्ये आठ दिवस. मित्रांनो, हे अंतर नीट बघा. एकाच माणसानं आठ दिवसांत दोन्ही कामं केली. आपण त्यातलं एकच लक्षात ठेवलं.

आणि महाडची लढाई तरी मुळात कशावर उभी होती? ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली, चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. ‘सार्वजनिक पैसा’ हा शब्द त्या ठरावाचं मर्म आहे. देवाधर्माचा वाद तिथं नाहीच. ज्याचा पैसा त्याचं पाणी, एवढंच.

१९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी मिळालं नाही. १९२६ च्या ऑगस्टात बोल्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका, जे लोकल बोर्ड हे पाळत नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. बघा, माणसानं कुठं बोट ठेवलं! मनपरिवर्तनाची वाट बघत बसले नाहीत, खिशाला हात घातला. मग सत्याग्रह झाला, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला महाड नगरपालिकेनं आपला ठरावच मागं घेतला. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. सनातनी कोर्टात गेले आणि म्हणू लागले, तळं सार्वजनिक नाहीच, आमचं खासगी आहे. ‘सार्वजनिक’ या शब्दाची त्यांनाही धास्ती होती. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल लागला. तळं नगरपालिकेचंच ठरलं आणि अस्पृश्यांचा हक्क मान्य झाला.

६. अनुदानाची दोरी

अनुदान चांगलं, पण त्याची एक बाजू काळी असते. ते दर वर्षी पास व्हावं लागतं. दोरी दुसऱ्याच्या हातात. १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानं शाळांचा कारभार लोकल बोर्डं आणि नगरपालिकांकडे गेला. बाबासाहेबांना हे पसंत नव्हतं. बोर्डावर बसणारा गावचा बडा माणूस. आपलं पोर शाळेबाहेर बसलं काय, ओट्यावर बसलं काय, त्याला काय पडलंय? स्थानिक स्वराज्य म्हणजे स्थानिक वतनदारांचं स्वराज्य होणार असेल, तर आपल्याला त्यात हक्काची जागा आणि वरून कायद्याचा आधार दोन्ही पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढं सभेनं अस्पृश्यांच्या शिक्षणावर निवेदन दिलं, त्यात हाच धागा आहे.

म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर त्यांनी मोठा आकडा मागितला. बनारसच्या हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला सरकार तीन तीन लाख देतं, तर अनुसूचित जातींच्या शिक्षणाला का नाही, हा त्यांचा सवाल. त्यातून १९४४ साली तीन लाखांची शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. आज कॉलेजात भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या पोराला ही वंशावळ ठाऊक पाहिजे. सोलापूरचे महिना चाळीस, मग दिल्लीचे तीन लाख. मागणाऱ्याची मान दोन्ही वेळा ताठच होती.

७. आता वेळापुरात

आपल्या वेळापुरात यादव राजा रामचंद्राच्या काळातले शिलालेख आहेत. देवळाच्या कामाची नोंद तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी दगडावर कोरून ठेवली. ती सातशे वर्षं टिकली. आषाढीत ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा पाणी, दिवाबत्ती, साफसफाई सगळं जागच्या जागी लागतं, आणि ते झालंच पाहिजे, त्याला कुणाची ना नाही. पण वाडीवस्तीवरच्या शाळेच्या खर्चाची नोंद दगडावर नसते. ती कागदावर असते, आणि कागद कुणी मागितला नाही तर त्याला वाळवी लागते.

जकात गेली. २०१७ च्या १ जुलैपासून जीएसटी आला. नाव बदललं, पण काडेपेटी घेणारा मजूर आजही कर भरतोच. फुकटखाऊ कुणी म्हटलं तर त्याला दुकानाची पावती दाखवा.

१९९३ पासून त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आहे. आपली माणसं राखीव जागांवर निवडून येतात. सभागृहात बसायला मिळालं. पण बसून काय करायचं? अंदाजपत्रकाच्या दिवशी चहा पिऊन सही करून यायचं असेल, तर पुण्याच्या त्या एकतीस जणांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी आणि जिल्हा परिषदेनं वीस टक्के खर्च करायचे, असा नियम आहे. किती पोरांना तो ठाऊक आहे? पंचायतीचं अंदाजपत्रक नमुना एकवर असतं, घरपट्टीची आकारणी नमुना आठवर. हे कागद गुप्त नाहीत. २००५ चा माहिती अधिकार आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांना ग्रामसभा भरवायची रीत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचं बहुमत ठेवलंय. मग त्या समितीत आपल्या वस्तीतली आई आहे का? आहे तर तिला सभेची नोटीस मिळते का, की सही घरी येऊन घेतात?

तेव्हा प्रत्येक गावातल्या दोघातिघांनी हे काम अंगावर घ्यावं. मागच्या तीन वर्षांची अंदाजपत्रकं काढा. पंधरा टक्के किती होतात ते स्वतः गुणून बघा. खर्च किती पडला ते बघा. पडला तो कशावर पडला ते बघा. पोरांच्या शिक्षणावर पडला, की मागासवर्गीयांच्या नावावर टाकून दुसरीकडेच दिवे लावले? जे सापडेल ते साध्या भाषेत एका कागदावर लिहा आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. मत बत्तीसात एक पडलं तरी चालेल. इतिवृत्तात ते नोंदवून घ्या, आणि नोंद झाली की नाही हे सही करायच्या आधी वाचून बघा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भिंतीवर लिहितो. पहिल्या शब्दाला महिन्याला किती रुपये लागतात, हा हिशेब सोलापुरात १९२५ साली मांडला गेला होता. तो पुढं चालवायचा आहे.

जय भीम.